आवाज मी वाढवला होता

हनुमाननगर, नागपूर
९ जानेवारी १९८७

चि. सौ. प्रेमिलास,

सासूचा आशीर्वाद घे. राग असला तरी घे, आशीर्वादानं कोणाचं नुकसान होत नाही.

तू गेल्याले सव्वा वर्ष झालं अन् माझं हे पहिलंच पत्र. चौथी पास बाईचं अक्षर आहे, वाकडं असलं तं समजून घे. मनोहरले मी लिहून राहिली हे माहीत नाही. तो सदर भागात हापिसात गेला आहे.

वैजू आता पाच वर्षांची झाली असेल. तिचा वाढदिवस मी ध्यानात ठेवला होता. शिरा केला, अन् मंग खाणार कोण, म्हणून समोरच्या कुसुमताईले नेऊन देला.

प्रेमिला, इतकं ताणून धरू नये वं. संसारात भांड्याले भांडं लागतेच. तुझा हात मोडला तं मले वाईट वाटलं नाही काय? पण न्हाणीत शेवाळ होतं, पाय घसरला, पडली. कोणाचाही पडला असता. त्याचं खापर नवऱ्याच्या माथी फोडून तू पोरगी घेतली अन् उमरेडले भावाच्या घरी जाऊन बसली. मनोहर रागीट आहे, मी कुठं नाही म्हणते? पण दारू नाही, पत्ते नाहीत, बाहेरख्याली नाही. वैजू त्याच्यापाशी राहावी म्हणून त्यानं कोर्टात दावा लावला, तो पोरीवर जीव आहे म्हणूनच ना?

पाच फेब्रुवारीले माझी साक्ष आहे. मी खरं तेच सांगीन, न्हाणीत पडली म्हणून. मंग तुझ्या हाती काय राहीन? त्याच्या आधी ये. तुझा भाऊ देवराव शहाणा माणूस आहे, त्यालेही विचार.

इकडं सारं ठीक. रविवारी सकाळी टीव्हीवर पोलिसाची एक नवी मालिका लागते. दर वेळी एक गुन्हा, अन् एक बुढा इन्स्पेक्टर तो शोधून काढते. अर्धी गल्ली आपल्या पुढच्या खोलीत येऊन बसते. सतरंजी पुरत नाही.

तुझी सासू,
रुखमाबाई


हनुमाननगर
१२ जानेवारी १९८७

प्रेमिलास,

पहिल्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच दुसरं लिहून राहिली. मन ठिकाणावर नाही. कोणाजवळ बोलावं असं घरात कोणी नाही.

काल त्या मालिकेनं माझी पार अब्रू घेतली. सांगते.

एक सून असते. सासरी मरते. इन्स्पेक्टर घरात येते अन् सासूले विचारते, काय झालं? ती बाई पांढऱ्या लुगड्यात, हातात जपमाळ, अगदी शांतपणे हिंदीत सांगते की गुसलखान्यात, म्हणजे न्हाणीत, पाय घसरला. इतकं ऐकलं अन् खोलीत कोणीतरी खाकरलं. मी मागं वळून पाहिलं नाही.

मंग इन्स्पेक्टर शेजारणीकडं जाते. त्या दिवशी काही आवाज ऐकला काय, असं विचारते. शेजारीण म्हणते, नाही साहेब, काही ऐकू आलं नाही, त्यांच्याकडं रेडिओ लय मोठ्यानं लागला होता.

त्यावर आपली कुसुमताई सगळ्यांसमोर बोलली, "तसा तं यांच्याकडंही त्या दिवशी टीव्ही लय मोठा होता."

काय बोलावं याचा पोच नाही. दवाखान्यात नर्स आहे म्हणून सारं कळते काय? खोलीत वीस-बावीस माणसं, लेकरं. मनोहर खुर्चीवर होता, तो म्हणला, "बंद करा ते भिकार." मी म्हणलं, राहू दे, पाहू दे मले. काहून म्हणलं, मलेही समजलं नाही.

शेवटी नवऱ्याले बेड्या पडतात. सासूले इन्स्पेक्टर अजून एक मोका देते, आतातरी बोला म्हणते. ती जपमाळ ओढत राहते, बोलतच नाही. संपलं. साबणाची जाहिरात लागली. बायका उठल्या, पदर सावरले अन् तशाच गेल्या. एरवी जाताना पाणी मागतात.

मनोहरनं दुपारी जेवताना विचारलं, "साक्ष पाठ आहे ना?" मी म्हणलं, आहे.

कुसुमताईशी मी बोलणं टाकलं आहे. टीव्हीच्या आवाजाचं ती काय बोलली, मले काही समजलं नाही.

रुखमाबाई


हनुमाननगर
२१ जानेवारी १९८७

प्रेमिला,

मले समजलं होतं.

हे पत्र मी तीनदा फाडून चौथ्यांदा लिहून राहिली. तुझ्या वकिलाले दाखवू नको. वाचून चुलीत टाक. पण वाच.

त्या दिवशी दसरा दोन दिवसांवर होता. वैजूच्या बालवाडीत कार्यक्रम होता, ती मोर झाली होती. तू मनोहरले न विचारता पाहाले गेली. मले विचारलं होतं तू. मी म्हणलं होतं, जा. तो घरी आला, तू घरात नाही. त्यानं मले विचारलं, "कोणाले विचारून गेली?" अन् मी म्हणलं, मले माहीत नाही. खोटं बोलण्याची सुरुवात तिथं झाली, न्हाणीत नाही.

तू आली. वैजूच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा तुरा होता. त्यानं तुले मधल्या खोलीत ओढलं. पोरगी दारात उभी राहून पाहत होती. मी तिले उचललं, सैंपाकघरात नेऊन बसवलं, परत आली, अन् टीव्हीचं बटण फिरवलं. बातम्या लागल्या होत्या. जितका मोठा होते तितका केला. मले आठवते, कुठंतरी पूर आला होता.

तू मले हाक मारली होती. बातम्यांच्या आवाजातूनही मले ऐकू आली.

मी काहून केलं असं? गल्लीत नाव जाईन म्हणून. इतकंच. तुझा हात मोडून राहिला होता अन् मी नावाची काळजी करून राहिली होती.

आता दुसरं सांगते, ते कोणालेच सांगतलं नाही. माझा डावा कान लहानपणच्या तापानं गेला असं तुले सांगतलं होतं. ताप नव्हता. तुझे मामाजी, माझे मालक चंपतराव, त्याईनं पितळी तांब्या मारला होता. मनोहर तवा सात वर्षांचा. तो पाहत होता. सासूबाईनं त्याले बाहेर नेलं, खडीसाखर देली, अन् मले म्हणल्या, ताप आला होता असं सांग. मी तीस वर्ष तेच सांगत आली. इतकं सांगतलं की मलेच खरं वाटू लागलं.

त्या मालिकेतल्या बाईचा मले राग काहून आला, ते असं आहे. ती माझी सासू होती, अन् ती मीही होती.

हे कारण सांगून मी सुटून जाईन असं नाही. मार खाल्लेल्या बाईले तं जास्त समजाले पाहिजे होतं.

वकिलाच्या घरी कालही नेलं होतं मले. तिसऱ्यांदा. तो प्रश्न विचारते, मी उत्तर देते. न्हाणी, शेवाळ, डावा पाय. मनोहर बाजूले बसून मान हलवते. येताना त्यानं मले सीताबर्डीले नेलं अन् कोर्टात घालाले नवं लुगडं घेऊन देलं. रिक्षात माझा हात धरून बसला. लहान होता तसा.

तो पोटचा आहे, प्रेमिला. पाच तारखेले काय बोलीन ते मले अजून माहीत नाही. तुले खोटा भरोसा देत नाही. इतकंच सांगते की तू पडली नव्हती, हे मले माहीत आहे. हे कोणीतरी तुले लिहून द्याले पाहिजे होतं.

रुखमाबाई


हनुमाननगर
६ फेब्रुवारी १९८७

प्रेमिला,

मागचं पत्र जाळू नको! वकिलाले दाखव, देवरावले दाखव, गल्लीत वाचून दाखव. जाळलं असेल तं मी पुन्हा लिहून देते.

वैजूले कांजण्या निघाल्या म्हणून तू काल आली नाही. देवरावही नव्हते. तुझ्या वकिलानं दुसरी तारीख मागतली, पण आपला, म्हणजे मनोहरचा वकील उठून म्हणला, "साहेब, साक्षीदार वयस्कर आहेत, आज हजर आहेत, आजच घ्या." त्याची त्यानंच घाई केली पाहा. तू नव्हती म्हणून सारं लिहून राहिली, एक शब्द सोडत नाही.

जुनंच लुगडं घातलं मी. मनोहर म्हणला, नवं काहून नाही? मी म्हणलं, सवय नाही, पायात येईन.

कठड्यात उभी राहिली. शपथ घेतली. दोन्ही हातानं कठडा धरून ठेवला. न्यायाधीश चष्मेवाला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा. वकिलानं गोड आवाजात विचारलं, "रुखमाबाई, तुमच्या सुनेचा हात कसा मोडला, ते साहेबांना सांगा."

मी म्हणलं, "मनोहरनं पिरगाळला."

त्याले वाटलं, बुढीले प्रश्न समजला नाही. "नीट ऐका. न्हाणीत त्या दिवशी काय झालं?"

"न्हाणीत काही झालं नाही. न्हाणी कोरडी होती. झालं ते मधल्या खोलीत."

टाइप करणारा थांबला. न्यायाधीशानं त्याले म्हणलं, "लिहा." अन् मले म्हणलं, "बाई, सावकाश सांगा."

मंग मी सांगतलं. पुठ्ठ्याचा तुरा सांगतला, बटण सांगतलं, बातम्या सांगतल्या, तुझी हाक सांगतली. कठडा सोडून बटण कसं फिरवलं ते हातानं दाखवलं.

वकिलाचं तोंड पाहण्यासारखं झालं. त्यानं न्यायाधीशाजवळ परवानगी मागतली, साक्षीदार उलटली म्हणून आता मले उलटे प्रश्न विचारतो म्हणला. अन् माझ्यावरच आला.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"शिकवलं तं तुम्हीच होतं साहेब. तीनदा तुमच्या घरी बसून पाठ केलं. न्हाणी, शेवाळ, डावा पाय. ते मी आज बोललीच नाही. हे तं मले न शिकवताच येत होतं."

मागच्या बाकावरचे लोक हसले. न्यायाधीशानं हातोडी-बितोडी काही आपटली नाही, नुसतं चष्म्यावरून पाहिलं अन् सारे गप्प.

मंग त्यानं दुसरीकडून गाठलं. "तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही, खरं ना? मग टीव्ही एवढा मोठा असताना सुनेची हाक कशी ऐकली?"

हे त्याले मनोहरनंच सांगतलं असेल. मी मनोहरकडं पाहिलं. तो खाली पाहत होता.

मी म्हणलं, "डावा कान माझ्या नवऱ्यानं फोडला. उजवा शाबूत आहे. अन् साहेब, नुसतं ऐकलं नाही. दार उघडं होतं. मी पाहिलं."

प्रेमिला, हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. नवऱ्यानं फोडला. छतावरचा पंखा फिरत होता, तो फिरतच राहिला. काही कोसळलं नाही.

वकील चिडला. म्हणला, "टीव्हीवरच्या मालिका पाहून आलात वाटतं साक्ष द्यायला?"

"हो साहेब, पाहूनच आली. त्याच्यातली सासू शेवटपर्यंत बोलली नाही. पण तिची सून मेली होती. माझी जिवंत आहे, म्हणून बोलाले आली."

त्यानंतर तो बसला. तुझ्या वकिलाले न्यायाधीशानं विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे? तो उठला, माझ्याकडं पाहिलं, अन् हात जोडून म्हणला, "काही नाही."

कोर्टातून मी एकटीच बसनं आली. खिडकीजवळ जागा भेटली. उन्हात डोकं टेकवलं अन् वाटलं, आता मेली तरी चालते. मंग वाटलं, काहून मरू? आता तं कुठं.

संध्याकाळी साडेपाचले मनोहर आला. दार आपटलं. "तुले माय म्हणू की काय म्हणू?" असं म्हणला.

मी म्हणलं, "माय म्हण. मायच आहो, म्हणून सांगतलं. तुझ्या आजीनं तुले त्या दिवशी खडीसाखर देली. ती मी तुझ्या तोंडातून काढाले पाहिजे होती. काढली नाही, ते माझं चुकलं."

"गप्प बस," म्हणला, अन् हात उगारला. माझ्यावर. पहिल्यांदा.

मी जागची हलली नाही. म्हणलं, "मार. पण आज टीव्ही बंद आहे. गल्लीले सारं ऐकू जाईन."

अन् खरंच वं प्रेमिला, समोरचं दार उघडलं. कुसुमताई ओट्यावर आली, नर्सच्या कपड्यातच होती. तिच्या मागं तिची जाऊ. मंग बाजूची रंभाबाई, हाताले कणिक तशीच. मंग तिच्या सुना. नुसत्या आपल्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, पाच, सात, नऊ बाया. मनोहरनं त्यांच्याकडं पाहिलं. हात खाली आला.

मी म्हणलं, "ही जागा माझ्या बापानं, नत्थूजींनं माझ्या नावानं घेतली होती. घर माझं आहे. तू आज दुसरीकडं राहा. उद्याही. ज्या दिवशी त्या पोरीसमोर उभा राहून खरं बोलशील, त्या दिवशी दार वाजव."

त्यानं पेटी भरली. बायांच्या मधून वाट काढून गेला. कोणी हात लावला नाही, कोणी शिवी देली नाही. नुसती वाट देली.

तो वळणावर दिसेनासा झाला अन् मी मटकन खाली बसली. रडली. का रडली ते विचारू नको, पोटचा आहे. कुसुमताईनं पाणी आणलं, बाजूले बसली अन् म्हणली, "रुखमाबाई, तुम्हालेच बोललो आम्ही. पण टीव्ही मोठा असला तरी आम्हाले ऐकू आलं होतं. आम्हीही आलो नव्हतो." मंग ती रडली. मंग रंभाबाई. त्या कणकीच्या हातानं तिनं डोळे पुसले अन् सारं तोंड पांढरं झालं, तशा आम्ही हसाले लागलो. रडता रडता इतक्या हसलो वं, की रस्त्यानं जाणारे थांबून पाहू लागले.

तू ये असं मी म्हणत नाही. मले माफ कर असंही म्हणत नाही. वैजूच्या फोडांले कडुनिंबाच्या पाल्यानं वारा घाल, खाजवू देऊ नको.

रुखमाबाई


हनुमाननगर
११ एप्रिल १९८७

प्रेमिला,

निकालाच्या दिवशी तू स्वतः होती, त्याचं मी काय लिहू? पोरगी आईजवळच राहीन, हे न्यायाधीश बोलले तवा तू देवरावच्या खांद्यावर डोकं टेकवलं, तेवढं मी मागच्या बाकावरून पाहिलं. मी पुढं आली नाही. वाटलं, हा आनंद तुझा आहे, मधात कोणाची सासू नको. पण तूच बाहेर आली, माझ्यापुढं उभी राहिली, लय वेळ पाहत राहिली, अन् म्हणली, "चहा घ्याल काय?" कोर्टासमोरच्या टपरीवरचा तो चहा पाणचट होता, तरी मी दोन कप प्याली.

तुझं पत्र परवाच्या टपालानं आलं. नागपुरात बालवाडीच्या शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या वर्गात तुले जागा भेटली, हे वाचून मी ते पत्र घेऊन चपला न घालता कुसुमताईकडं पळाली. तिनं रंभाबाईले हाक मारली. रंभाबाईनं गूळ वाटला. गल्लीत आता साऱ्यांले माहीत आहे, तुझी हरकत असली तरी उशीर झाला.

इथं राहायच्या तुझ्या अटी वाचल्या. सैंपाक वेगळा: कबूल. मनोहर तुले न विचारता फाटकाच्या आत येणार नाही: कबूल, तसं मी त्याले कळवलं आहे. तो सीताबर्डीकडं खोली घेऊन राहते. कोर्टानं ठरवून देल्याप्रमाणं वैजूले महिन्यातून एकदा भेटीन, तुझ्या वकिलासमोर. मागच्या रविवारी मले रस्त्यात भेटला, वाळला आहे. म्हणला, "बरी आहे ना माय?" मी म्हणलं, बरी आहे. मंग तो त्याच्या खोलीकडं गेला, मी घराकडं. वाट पाहीन. पण दारात नाही, खिडकीत उभी राहून.

तू कुठं जाते, कधी येते हे मी विचारणार नाही: कबूल. भाकरी झाकून ठेवीन, ती खायची की नाही ते तुझं तू पाहा. जुनं मी विसरावं अशी अपेक्षा ठेवू नका, असं तू लिहिलं. कबूल, प्रेमिला. मीही विसरणार नाही. विसरण्यानंच तं इथवर आलं.

माझी एकच अट. मी कधी खोटं बोलताना दिसली तं तिथल्या तिथं टोक. लेकरासमोर टोकलं तरी चालीन.

काल सकाळी मी रेशनच्या हापिसात गेली होती, कार्ड नवं कराले. कारकुनानं विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" मी म्हणलं, "मी." तो म्हणला, "पुरुष कोणी?" मी म्हणलं, "नाही. लिहा, रुखमाबाई चंपतराव. त्याच्या खाली प्रेमिला. त्याच्या खाली वैजयंती." त्यानं लिहिलं. मंग म्हणला, "प्रेमिला तुमची कोण? नातं लिहावं लागते."

सून म्हणाले तोंड उघडलं अन् थांबली. लेक म्हणावं असं वाटलं, पण ते तुले न विचारता कसं म्हणू? मागं रांग लागली होती, लोक चुळबुळ करून राहिले होते. कारकून म्हणला, "आजी, काहीतरी सांगा."

मी म्हणलं, "तो रकाना कोरा ठेव, बापू. ती येऊन राहिली आहे, तिलेच विचारून लिहू."

सोमवारी हापिस अकराले उघडते. तू सांगशील ते लिहून घेऊ.

रुखमाबाई